कप्तानाचा कापलेला तुकडा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भलतंच ऐकतोस, म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, काळजीचं काही नाही. एक गंमत सांगायची आहे आणि एक विचारायचं आहे.

बाबांच्या अंगात कप्तान आला आहे. हे माझे शब्द नाहीत, आईचे. तू ऑपरेटर असताना तुमच्या थिएटरात टोळीवाल्यांचा एक सिनेमा कित्येक आठवडे चालला होता म्हणे, त्यातला तो कप्तान. महिनाभर झाला, बाबा एकदम हळू बोलायला लागलेत. खालच्या पट्टीत, घोगरं, शब्द तोलून मापून. पस्तीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारणारा माणूस, ज्याची हाक मागच्या फाटकापर्यंत जायची, तो आता चहा हवा असला तर कपाकडे बोट दाखवतो. गळ्याला मफलर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आई म्हणते, लग्नाआधी अगदी असेच बोलायचे, काही दिवसांत उतरेल.

आणि मजा बघ, बाजारात ह्याचा उलटाच परिणाम झालाय. ते हळू पुकारतात म्हणून व्यापारी जवळ सरकतात, गप्प बसून कान देतात. वजनकाट्यावरचा माणूस मला म्हणाला, तुझ्या बापाने लिलावाच्या ओट्याचं देऊळ करून टाकलंय. घरी मी रोज चिडवते, "कप्तान, पानं वाढलीत." ते हसत नाहीत. नुसतं बघतात. ते बघणंसुद्धा सिनेमातलंच असावं.

तर विचारायचं हे, की त्या माणसात असं होतं काय? तो सिनेमा आता कुठे बघायला मिळत नाही. मी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. दहातले आठ पुरुष खोकत खोकत सांगतात, औषध बायकोसाठी हवंय. दुखणं लपवणाऱ्या पुरुषांचं मला काही कौतुक उरलेलं नाही. मग पडद्यावर तोच माणूस लोकांना एवढा का आवडतो?

तुझी भाची


११ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र वाचलं आणि चहा निवून गेला तरी मी जागचा हललो नाही. शाळा मला चौथीपर्यंतच लाभली, पुढचं सगळं थिएटरच्या पाट्या आणि जाहिराती वाचून शिकलो, तेव्हा माझं लिहिणं जरा पाटीसारखं मोठ्या अक्षरातलं वाटलं तर चालवून घे.

कप्तान म्हणजे गोदीतल्या टोळीचा म्होरक्या. माणूस वाईट, त्यात शंकाच नको. धमकावतो, मारतो, एकाला तर बोटीवरून ढकलून देतो. आणि तरी पब्लिक त्याच्यावर जीव टाकायचं. आमच्या केबिनच्या झरोक्यातून मला पडद्याइतकीच खालची डोकी दिसायची. नायिका गाऊ लागली की डोकी हलायची, शेंगा फोडायची. कप्तान आला की सातशे डोकी एकदम थिजायची.

का, ते मला बरंच उशिरा समजलं. खाली बसलेला प्रत्येक जण दिवसभर कुणाला तरी "हो साहेब" म्हणून आलेला असायचा. कुठे रजा मागून, कुठे रांगेत उभं राहून, कुठे तीनदा हेलपाटा घालून. आणि हा एक माणूस कुणाकडे काही म्हणजे काही मागत नाही. गोळी लागून आलाय, सोबती विचारतो काय झालं, तर हा कोटाचं वरचं बटण लावतो आणि म्हणतो, "माझं मी बघतो." बास, एवढंच. त्यावर शिट्ट्यांनी छप्पर उडायचं. असा माणूस बघताना वाटतं, ह्याच्या आत फार मोठं काहीतरी आहे. सताड उघड्या दाराशी कोण रेंगाळतं ग? बंद दार दिसलं की मात्र पाय अडतो.

तुझ्या बाबांनी तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या रांगेत हजर. शेवटच्या प्रसंगात कप्तानाच्या काळ्या कोटावर, खांद्याशी, पांढरा डाग दिसतो. तो कसला, ह्यावर थिएटरसमोर हाणामारीची वेळ यायची. कुणी म्हणे कबुतर, कुणी म्हणे कॅमेऱ्याचा दोष. तुझे बाबा ठासून सांगायचे, तो भिंतीचा चुना आहे, कारण कप्तान नेहमी भिंतीला पाठ लावून बसतो. पुढे ते आमच्या घरी पहिल्यांदा आले ते भर उकाड्यात कोट घालून. भिंतीला पाठ लावून बसले, चहाला हात लावला नाही, विचारलेल्या प्रश्नाला मान हलवली. आत तुझी आई मला विचारते, "दादा, ह्याची दाढ दुखतेय का?"

तेव्हा येऊ दे अंगात. साठी उलटली की माणसाला आपलं विसावं वर्ष पुन्हा अंगावर घालून बघावंसं वाटतं. आईला म्हणावं, तो कोट असेल तर काढून दे.

तुझा मामा


४ मार्च

मामा,

गंमत नव्हती ती.

परवा सकाळी चष्मा विसरला म्हणून दुकानातून परत घरी आले. आई बाहेर गेली होती. बाबा मागच्या अंगणात मांजराला हाका मारत होते, घरात कुणी नाही असं समजून. तोच आवाज, मामा. तसाच खरवडलेला. हाक मध्येच तुटली, त्यांनी खाकरून पुन्हा मारली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा नुसता वारा बाहेर पडला. मांजर कुंपणावर बसून बघत राहिलं. मी दारात उभी होते. नाटक करणारा माणूस मांजरासमोर कशाला करेल?

आमच्या दुकानातून ते काहीच नेत नाहीत, म्हणून काल दोन गल्ल्या पलीकडच्या औषधवाल्याला गाठलं. तो आढेवेढे घेत म्हणाला, तुझे वडील दिवसाआड घशाच्या गोळ्या नेतात, मुलीला सांगू नका म्हणालेत. म्हणजे मुलगी औषधांच्या दुकानात, आणि बाप तिला चुकवायला दोन गल्ल्या चालत जातो. दोन महिने होत आले ह्याला. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर घसा आतून बघून घ्या, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगते. गाठ असू शकते, आणि गाठ कसली हे बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्याच घरात मी "कप्तान, पानं वाढलीत" करत बसले.

रात्रीपर्यंत थांबलेच नाही, जेवणाआधीच विचारलं. डॉक्टरांची वेळ घेते, असं मी म्हटलं. त्यांनी वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "माझं मी बघतो." आई एवढंच म्हणाली, "मी हसले होते रे देवा," आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. तेव्हापासून घरात तिघं जण तीन कोपऱ्यांत आहेत.

त्यांना भीती वाटते आहे, हे मला दिसतं. पण मी सांगून ते ऐकणार नाहीत. त्यांचं कप्तानाचं वेड तुझ्या थिएटरातलं आहे, मामा. तूच काहीतरी कर. जितके दिवस जातील तितके वाईट, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी भाची


८ मार्च

चिमणे,

ह्या पत्राबरोबर एक पत्र्याचा डबा येईल. तो बाबांच्या हातात दे आणि हे पत्रही त्यांनाच वाचायला दे. तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस. आता पुढचं त्यांच्यासाठी.

बापू, मी तुमचा गुन्हेगार आहे. चव्वेचाळीस वर्षांत हे कुणाला बोललो नाही.

तुम्ही सिनेमा पाहिलात तो दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी तो तीन मिनिटांनी लांब होता. शेवटच्या आधीच्या रिळात कप्तान आपल्या थोरल्या भावाच्या बेकरीत जातो. भाऊ कणीक मळतोय. दोघांचं बोलणं पंधरा वर्षं बंद आहे. कप्तान पिठाच्या पोत्यावर बसतो, टोपी काढतो आणि म्हणतो, "मला भीती वाटते. तू जरा माझ्याजवळ बस." भाऊ काही विचारत नाही. पिठाचा हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवतो आणि शेजारी बसतो. बास. तो पांढरा डाग त्या पिठाचा आहे. चुन्याचा नाही.

पहिल्या दिवशी पब्लिक त्या जागी गप्प होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. मालकांनीही मला काही सांगितलं नाही. मलाच ते सोसवेना. मी चोवीस वर्षांचा होतो, कप्तानासारखी मान ताठ करून केबिनचा जिना चढायचो. माझा कप्तान पोत्यावर बसून "जवळ बस" म्हणतो, हे मला रोज चार खेळ बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्तीने तो तुकडा कापला आणि दोन्ही टोकं चिकटवून टाकली. प्रिंट परत जाताना जोडून द्यायचा असतो. मी दिला नाही. ती प्रिंट पुढे गावोगाव तशीच फिरली. ह्या भागातल्या हजारो लोकांनी जो कप्तान डोक्यावर घेतला, तो माझ्या पत्तीने केलेला होता. खरा कप्तान भावाकडे आधार मागायला गेला होता.

तुकडा डब्यात आहे. रंग उडून सगळं लालसर झालंय, पण उजेडात धरलंत तर दिसेल. बोलणं ऐकू येणार नाही. ते मी वर लिहिलंच आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

माझ्या बहिणीची शपथ घालणार नाही. तुम्ही बघा आणि मग काय ते ठरवा.

दादा


२१ मार्च

मामा,

आधी महत्त्वाचं सांगते. काल बाबांच्या घशातली गाठ काढली. ते घरी आहेत, बरे आहेत, पंधरा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही. गाठ कसली ते तपासायला पाठवलीय, अहवाल पुढच्या आठवड्यात. आता पहिल्यापासून.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग घडी घालून मला म्हणाले, तुझा मामा चोर आहे. दिवसभर डब्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भिंग मागितलं. मी दुकानातून आणून दिलं. मग दोन दिवस ते बाजारातून आले की खिडकीशी. तुझी ती फिल्म डब्यातून निघाली ती संपेना. पलंगावर, खुर्चीवर, आईच्या शिवणाच्या मशीनवर वेटोळी. आईने एकदाच विचारलं, आम्ही झोपायचं कुठे. त्यांनी बोटानेच सांगितलं, थांब. पाठमोरे बसायचे. मला चेहरा दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. वर बघितलं तर रांगेत बाबा. माझ्या दुकानात, मामा, जिथे ते गेले दोन महिने पाऊल टाकत नव्हते. पुढे ये म्हणून खुणावलं तर आले नाहीत. आपला नंबर येईपर्यंत उभे राहिले. मग गल्ल्यावर दोन्ही हात टेकून, सगळ्यांसमोर, त्या फाटक्या आवाजात म्हणाले,

"कुठल्या डॉक्टरकडे जायचं म्हणालीस?"

मी नाव सांगितलं. ते तरी तिथेच उभे. मागचा माणूस खोकायचा थांबला.

"तू येशील ना बरोबर?"

मी गल्ल्यामागून कशी बाहेर आले ते आठवत नाही. मालकीणबाईंनीच माझ्या हातातलं गिऱ्हाईक घेतलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून बघितलं. एका स्वरतंतूवर गाठ. त्यांचं म्हणणं, पस्तीस वर्षं ओरडणाऱ्या माणसाला अशी होते, दिसायला तर साधीच दिसते, पण तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आईने त्यांना विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, आलात ना. मला ते डॉक्टर आवडले.

आता नुसती वाट बघायची. घरात वही फिरते. बाबा लिहितात, आम्ही बोलतो. आई मात्र चुकून स्वतःही लिहूनच उत्तर देते.

तुझी भाची


२४ मार्च

चिमणे,

माझा जीव टांगणीला लागलाय, दुसरं काही लिहवत नाही. "येऊ दे अंगात" असं मीच लिहिलं होतं. ते तीन आठवडे माझ्या नावावर आहेत. पोस्टमनला सांगून ठेवलंय की भाचीचं पत्र दिसलं की आधी माझ्याकडे ये, बाकी गल्ली नंतर. तो म्हणतो तसा नियम नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

मामा


२७ मार्च

मामा,

साधी आहे. साधी आहे. साधी आहे. तीनदा लिहिलं, म्हणजे एकदा तरी तुझा विश्वास बसेल.

डॉक्टरांनी कागद सगळा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात आम्ही तिघांनी म्हातारं होऊन घेतलं. मग म्हणाले, साधी गाठ, पुन्हा होऊ नये म्हणून ओरडणं बंद, बाकी हिंडा फिरा. बाबांनी वहीत लिहून विचारलं, "नक्की?" डॉक्टरांनीही, त्यांना बोलता येत असताना, पेन घेऊन खाली लिहिलं, "नक्की."

बाहेर येऊन आईने पर्सने बाबांच्या दंडावर एक ठेवून दिली. मग दुसरी. म्हणाली, ही गोळ्यांची. मग बाकावर बसून इतकी हसली की परिचारिका पाणी घेऊन आली. मी दुपारी दुकानात गेले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, खोकल्याची बाटली देताना, अभिनंदन म्हणाले. तो बिचारा आभार मानून गेला.

तुझा पोस्टमन नियम मोडो.

तुझी भाची


३० मार्च

बापू,

पत्र तुमच्या नावाने लिहितोय. पोस्टमनने नियम मोडला, जिन्यातूनच ओरडत आला. मी वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मग शेजारच्यांना वाचून दाखवलं, ते तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत, पण त्यांनाही बरं वाटलं. तीन आठवड्यांनी आज पोटभर जेवलो असं वाटतंय.

माफी मागायची राहिलीय. तुकडा कापल्याची नव्हे, लपवून ठेवल्याची. तुमच्यासारख्या किती जणांना मी अर्धा माणूस दाखवला, त्याचा हिशेब लागणार नाही. तुमच्यापुरता तरी चुकला नाही, एवढं देवाने बघितलं.

एक विचारतो. राग असला तर उत्तर देऊ नका. दोन दिवस खिडकीशी बसलात, तेव्हा मनात काय चाललं होतं? चिमणी म्हणते तिला चेहरा दिसला नाही.

दादा


२ एप्रिल

दादांस,

नमस्कार. बोलायची परवानगी परवा मिळेल. तोवर वहीच. गेल्या बारा दिवसांत मी जेवढं लिहिलं तेवढं जन्मात बोललो नसेन, असं घरातले म्हणतात. सवय लागली आहे, त्यामुळे पत्र लांबलं तर दोष डॉक्टरांचा.

राग होता. पहिल्या दिवशी तुम्ही समोर असता तर मी तो डबा तुमच्यावर फेकला असता. अकरा वेळा बघितलेल्या सिनेमात मला सगळ्यात गरजेचं होतं तेवढंच तुम्ही काढून घेतलंत. पण खरं सांगतो, एकोणिसाव्या वर्षी बघितलं असतं तर मलाही ते आवडलं नसतं. मीही तोंड फिरवलं असतं.

तुम्ही चिमणीला लिहिलंत की लोक दिवसभर मागून थकलेले असायचे, म्हणून कप्तान आवडायचा. माझं जरा निराळं होतं. लिलावात उभं राहून मी एकच गोष्ट शिकलो. ज्याच्या चेहऱ्यावर पेटी हवीशी वाटल्याचं दिसलं, तो हरला. बाकीचे त्याला चढवत नेतात. पस्तीस वर्षं मी ओट्यावरून तेच बघत आलो, कुणाच्या भुवया हलतात, कोण ओठ चाटतो. मग आपल्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे घरीसुद्धा अंगवळणी पडलं. कप्तान मला पुढेही आवडत राहिला, कारण तो असता तर त्याने माझ्या ओट्यावर कधीच हार खाल्ली नसती.

घसा बसला तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला शंका आली होती. सगळे हसले, कप्तान म्हणाले, मला सुटल्यासारखं वाटलं. मी सोंग पांघरून घेतलं. त्यात लपायला जागा चांगली होती. रोज सकाळी पुकारायला उभा राहिलो की वाटायचं, आज शेवटचा आवाज. मग व्यापारी जवळ सरकायचे आणि मला वाटायचं, ह्यांना समजलंय.

फिल्म बघताना एक लक्षात आलं. एकेक चित्र भिंगाखाली घेतलं तर कप्तान कुठेच घाबरलेला दिसत नाही. नुसता बसलेला माणूस. टोपी हातात, पुढच्या चित्रात टोपी गुडघ्यावर. शेकडो चित्रं तशीच. पण भाऊ बघा. त्याचा हात कणकेतून निघून खांद्यावर येईपर्यंत मी मोजली, एकेचाळीस चित्रं आहेत. म्हणजे दोन सेकंदही नाहीत. तो एवढ्यात उठला. काही विचारायला थांबला नाही. पंधरा वर्षं न बोललेला माणूस. आणि मी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन गोळ्या आणत होतो, घरात दोघी जणी असताना.

तुकडा मी जपून ठेवला आहे, परत मागू नका.

बाजारात परवापासून जाईन. पुकारायला आता काट्यावरचा माणूस उभा राहील, मी शेजारी बसून खुणा करीन. त्याला पहिल्याच दिवशी घाम फुटणार आहे. त्याने मला आधीच निरोप पाठवलाय, तुम्ही जवळच बसा म्हणून. मी वहीत लिहून दिलं, बसतो.

माफीचं तुम्ही लिहिलंत. सोडून द्या. मी एकदा तुमच्याकडे येतो, आठ दिवस राहतो, तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं नाही, चांगलं जमेल. तुमच्या बहिणीलाही घेऊन येतो.

खिडकीशी काय वाटलं, ते वर आलंच. डोळे थोडे दुखले, एवढंच.

तुमची बहीण मागे उभी राहून हे वाचते आहे. तिला शेवटचं वाक्य मान्य नाही. म्हणते, मी खोलीत चहा घेऊन आले होते, मला सगळं दिसलं, खोटं लिहू नका.

बरं. रडलो.